उरलेल्या सगळ्यांना सी

दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं.
म्हणजे एकाला पंचेचाळीस सेकंद.
हे पहिलं गणित, आणि ह्याला गुण नाहीत.

सिडकोतल्या अभ्यासिकेत पगारे काका
महिन्याला सहाशे घेतात,
पंख्याखालच्या खुर्चीला सातशे.
मी सहाशेवाली. भिंतीकडे तोंड.
भिंतीवर कुणीतरी पेन्सिलीने लिहून गेलंय,
'तलाठी झालो', आणि खाली तारीख.
त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मी नाही.'
तारीख नाही.

अंबडला माझी पहिली पाळी. साडेतीनला सुटते.
दिवसभर पितळी व्हॉल्व्हना गेज लावायचा,
बसला तर पास, अडकला तर लाल डबा.
पाचला त्याच हातांनी पुस्तक उघडते.
बोटांचा वास पानांना लागलाय.

दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो.
"पण तो तिसरा
कुणी उठून बंद का करत नाही?"
शेजारून रोशन गांगुर्डे कुजबुजतो.
हसू दाबण्यात माझे बारा सेकंद जातात.

एका गोल टेबलाभोवती आठजण बसलेत.
डॉक्टर वकिलाच्या शेजारी नाही,
शिक्षिका इंजिनिअरच्या बरोब्बर समोर.
आमच्याकडे टेबल नाही.
ताटं घेऊन टीव्हीकडे तोंड करून ओळीत बसतो,
आणि कोण कुणाच्या डावीकडे
हे मला आकृती न काढता येतं:
पप्पांचा ऐकू येणारा कान जिकडे, तिकडे आई.

सीझन आहे. आई पिंपळगावच्या पॅकहाऊसला जाते,
डोक्याला जाळीची टोपी, हातात प्लॅस्टिकची रिंग.
मणी रिंगमधून पडला तर लोकल,
अडकला तर जहाजाने जातो.
माझ्याकडे अडकलेलं बाद,
तिच्याकडे अडकलेलं परदेशी.
रात्री पाय गरम पाण्यात सोडून ती विचारते,
"ते पर्सेंटाइल म्हणजे काय गं?"
"शंभरातले किती माझ्या मागे, ते."
"आणि मागच्यांचं काय करतात?"
मला सुचत नाही.
ती पाय पुसते. "आमच्याकडे
बेदाणे तरी करतात."

मॉकला मला एक्याण्णव, रोशनला चौसष्ट.
त्याने माझा आकडा त्याच्या वहीत लिहून ठेवला,
स्वतःचा नाही.
"निगेटिव्ह मार्किंग नाहीये," तो सांगायचा,
"कोरं काही सोडू नको.
शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांना सी."
"सीच का?"
"काहीतरी एकच धरायचं. धरसोड केली की संपलं."

फेब्रुवारीत तो यायचा थांबला.
भावाच्या टेम्पोवर जातो म्हणे, सुरतेकडे.
काकांनी त्याची खुर्ची मला दिली,
"महिनाभराचे भरलेत त्याने. तुला द्यायला सांगितलंय."
पंख्याखाली पानं थांबत नाहीत.
लाल डब्यातला एक व्हॉल्व्ह आणून ठेवला वहीवर.
चांगला जड आहे.

मार्चात, आडगावच्या बाजूला, एका कॉलेजात
गेटवर कानातले काढून घेतले,
आईने दिलेला अंगारा पुडीसकट बाहेर राहिला.
आत सगळ्यांची बोटं एकदम चालू झाली,
पत्र्यावर कबुतरं चालावीत तशी.
आकृत्यांमध्ये त्रिकोण फिरत राहिले,
ठिपका एक घर सोडून उडी मारत राहिला.
इंग्रजी उतारा व्हेल माशांवर होता.
मी व्हेलला एवढा वेळ द्यायला नको होता.

दोन मिनिटं. अकरा प्रश्न शिल्लक.
चुकलं तरी काही कापत नाहीत इथे.
कंपनीत एका व्हॉल्व्हला अर्धा दिवस कापतात.
सी. सी. सी. न वाचता सी.
दहा झाले.
अकराव्यावर मात्र डोळा पडला,
दोन नळ होते, टाकी होती,
आणि तिसरा नळ.

घड्याळात सत्तावन्न सेकंद.
सोडवायला पंचेचाळीस.
बारा वरचे.