अस्सल बरहुकूम

“ओरिजिनल आहे,” एबो क्वान्सा म्हणाला,
छातीवर हात ठेवून,
आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाला
चार्जर दाखवायला वळला.

टाकोराडीचं मार्केट सर्कल,
कसाव्याच्या पोत्यांपलीकडची तिसरी टपरी.
लॅपटॉप उभे रचलेले, फडताळातल्या ताटांसारखे.
आराबा मेन्सिमाने त्यातला एक निवडला
बिजागरी घट्ट आहे म्हणून
आणि स्पेसबार दाबला की आवाज करतो म्हणून.
तपासायला मला आणलेलं.
माझी फी: एक थंड माल्ट, वर ट्रोट्रोचं भाडं.

आधी तो पालथा घातला.
पाठीवर दोन चिठ्ठ्या.
एक डेन्मार्कमधल्या कुठल्या इस्पितळाची, मालमत्ता क्रमांकासकट.
दुसरी लायसन्सची, पाच-पाच अक्षरांचे पाच गट,
मधले तीन कुणाच्या तरी मांडीने पुसून नेलेले.
(कुणा नर्सच्या, रात्रपाळीच्या. उगाच वाटलं.)
उरलेल्या दहा अक्षरांवरून काही सिद्ध होत नाही.
चिठ्ठी एकाची सोलून दुसऱ्याला डकवता येते.
नखाने कोपरा उचलला. गोंद जुनाच वाटला.
वाटला.

सेटिंग्जमध्ये हिरवी खूण. अ‍ॅक्टिव्हेटेड.
“बघ!” एबो तिकडूनच ओरडला.
बघितलं.
मग काळी खिडकी उघडून
एक ओळ टंकली, म्हणजे विचारलंच त्याला,
बाबा रे, तुला अस्सल म्हणालं कोण?

बाहेरच्या कुणाचं नाव यायला हवं होतं,
कंपनीचं, नाहीतर त्या इस्पितळाच्या सर्व्हरचं.
आला एक पत्ता, एकशे सत्तावीसने सुरू होणारा.
“हा कुठला?” आराबा.
हा त्याचाच.
कुणीतरी आत एक लबाड प्रोग्रॅम बसवून ठेवलाय.
दर काही दिवसांनी हे यंत्र स्वतःलाच विचारतं,
मी खरा ना?
आणि स्वतःलाच सांगतं, हो.

मला वाटलं ती हसेल.
बावीस वर्षं ती कोर्टाच्या फाटकाबाहेर
छत्रीखाली बसून टाइप करते,
जमिनीचे वाद, वारसांच्या याद्या,
नावातल्या एका अक्षराच्या दुरुस्त्या,
‘मी शपथेवर लिहून देतो की’ तर इतक्यांदा
की बोटं झोपेतही ते लिहीत असतील.
“म्हणजे आरोपी तोच, साक्षीदारही तोच,” ती म्हणाली.
“असली केस टिकत नाही.”

एक दार उरलं होतं.
काही यंत्रांच्या बोर्डातच
कारखान्याने जन्माची किल्ली ठेवलेली असते.
तीही ओळ टंकली.
खाली रिकामी ओळ आली.
परत टंकली, स्पेलिंग तपासून.
रिकामीच.

एबो आता शेजारी येऊन उभा. चार्जर हातातच.
“टेमाच्या बंदरात कंटेनर फोडून ज्याने दिले,
तोही ओरिजिनलच म्हणाला होता.”
त्याने छातीवर हात ठेवला होता का,
मी विचारलं नाही.

तीनशे सेडी उतरले.
मी म्हटलं, घरी नेऊन सगळं पुसू,
फुकट मिळणारी सिस्टिम टाकू, ती कायदेशीर असते.
“ते नंतर. आधी पावती.”
आणि त्याच यंत्रावर, स्टुलावर टेकून,
पडद्याकडे पाहत, बोटांकडे न पाहता, तिने लिहिलं:
सदर संगणकातील प्रणाली अस्सल आहे किंवा कसे
हे विक्रेत्यास माहीत नाही,
आणि त्यास माहीत नाही हे खरेदीदारास माहीत आहे.

एबोने दोनदा वाचलं.
एकच बदल मागितला,
‘माहीत नाही’च्या जागी ‘माहीत नव्हते’.
तिने थोडा विचार केला. करून दिला.

शेजारच्या टपरीत दोन प्रती काढल्या.
दुसरीवर तिने पेनाने लिहिलं,
अस्सल बरहुकूम नक्कल.
त्याची सही झाली, तिची झाली.
मग दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवले.
माझी कशाला, मी विचारलं.
माल्ट अजून आलेलं नव्हतं.
“बाहेरचं कुणीतरी लागतं,” ती म्हणाली.