या कानाचं त्या कानाला

सकेलारिसचा उजवा कान एकोणिसाव्या वर्षी बुडाला,
बेन्गाझीच्या बाजूला, बावीस वाव खोल, स्पंज कापताना.
तो वर आला. कान तिथेच राहिला.

उरला डावा.
आमचा संसार त्या एका कानावर झाला.
या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची
सोयच नव्हती त्याला,
म्हणून सगळं आत साठायचं.

यंदा ईस्टरनंतर तोही मिटला.
मी पुटपुटते, असा माझ्यावर आळ.
टीव्ही इतका मोठा की शेजारच्या शेळ्या दावं तोडतील.
आणि एका सकाळी पाहते तर
आगकाडीला कापूस गुंडाळून हा आत खणतोय,
एक डोळा मिटून, जिभेचं टोक बाहेर.
काडी हिसकावली आणि दवाखान्यात नेला.

थेमेलिना नर्स, तिचा आजाही पाणबुड्या,
दिवा घेऊन आत डोकावली.
पडदा शाबूत आहे म्हणाली, मळाचा बूच बसलाय,
खणून खणून तुम्हीच ठासलात.
ऑलिव्हचं तेल घाला. हाताच्या उबेइतकं कोमट, त्याहून जास्त नाही.
तीन थेंब, कुशीवर पाच मिनिटं,
सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस.
काडी नको, पिन नको, ती मेणबत्ती तर नकोच,
आणि उजव्यात एक थेंबही नको, तिथला पडदा फाटलाय.
दुखलं, वाहिलं, गरगरलं, तर तेल ठेवून सरळ इकडे या.

आमच्या भाषेत कानातल्या मळाचं नाव
मधमाश्यांच्या पोळ्यावरून पडलंय.
मध मात्र अजून कुणाला मिळालेला नाही.

तेल कोस बेटावरच्या माझ्या बहिणीच्या झाडांचं;
आमच्या बेटावर दगड तेवढा पिकतो.
बाटली मी काखेत धरून ऊबवली.
त्यानं मेला कान खाली करून
डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, कलिंगडाएवढं जड.
पाळी वर-मागे ओढली. एक, दोन, तीन.

पाच मिनिटं फार असतात.
ठार बहिऱ्या नवऱ्यापुढे बायको किती गप्प बसेल?
पहिल्या दिवशी विजेच्या बिलावर बोलले.
दुसऱ्या दिवशी त्याच्या आईवर, जरा मोकळेपणानं.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंडातून निसटलं:
तुझा पितळी टोप चोरीला गेला नव्हता.
मी विकला. शहाऐंशी साली, हॅम्बुर्गच्या एका माणसाला,
पोथितीच्या फीसाठी.
तू भावावर संशय घेतलास. सव्वीस वर्षं
मिकेसशी बोलला नाहीस,
त्याच्या मयतीला फाटकाशी उभा राहिलास, आत गेला नाहीस,
आणि मी आत बसून कॉफी वाटत होते.

तो डोळे मिटून पडलेला.
कानाच्या डबक्यात तेल चमकत होतं.
मला इतकं हलकं वाटलं
की चौथ्या दिवशी पुन्हा सगळं सांगितलं,
या खेपेस तपशिलात:
कोणत्या वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी कुठली,
काच पुसताना माझा चेहरा कसा वाकडा दिसला.

पाचव्या संध्याकाळी आंघोळीच्या वाफेत
काहीतरी सुटून टॉवेलवर पडलं,
तपकिरी, डाळीच्या दाण्याएवढं.
"नळ गळतोय," तो म्हणाला.
फेब्रुवारीपासून गळतोय, मी म्हटलं.
"ओरडू नकोस."

टॉवेलच्या टोकानं त्यानं कान पुसला, बाहेरूनच.
मग म्हणाला, "कितीला?"
काय कितीला?
"खाली पाण्यात माणूस कानांनी ऐकत नाही, सेवास्ती.
हाडांनी ऐकतो.
तुझी मांडी बोलत होती."

मी किंमत सांगितली.
खऱ्याच्या निम्मी सांगितली.

त्यानं कपाटातला काळा कोट काढला,
झटकून कठड्यावर उन्हात टाकला,
आणि नळासाठी वायसर शोधत बसला.