विदाउट

हानुस फोनवर म्हणाला,
“ओळी येतात, पण भोकं पडून येतात.”
त्याच्या बोटांखालची ब्रेलची पट्टी
डेन्मार्कहून आलेली, नवीकोरी.
डॅनिश वाचते, जर्मन वाचते,
आमच्या भाषेपाशी घोडं पेंड खातं.

क्लाक्सविकच्या शाळेतले संगणक मी बघते,
म्हणजे प्रिंटरात अडकलेले कागदही मीच ओढते.
रात्री पॅकेजचा सोर्स उतरवला,
एकेक फाइल उलगडत गेले,
आणि बांधणीच्या कृतीत, एक्केचाळिसाव्या ओळीत
दबा धरून बसलेला सापडला :
विदाउट.
त्याला चिकटून आमच्या भाषेचं नाव.
वर कुणाची तरी टीप, अकरा वर्षांपूर्वीची :
‘वापरणारे फार नाहीत. जागा वाचते.’

किती जागा?
मोजली. चौदा किलोबाइट.
हानुसच्या कुत्र्याचा एक फोटो याच्या दोनशेपट.

रागावणार होते. पण त्या माणसानंही
अशी शेकडो पुडकी बांधली असतील,
फुकट, रात्री जागून, डोळे चोळत.

शब्द खोडला. बांधायला लावलं.
आधी एक लायब्ररी नाही म्हणून अडलं,
मग ती आहे पण जुनी म्हणून,
मग माझाच एक स्वल्पविराम.
खाडीपलीकडे मासळीच्या कारखान्याची पाळी सुटली.
पडद्यावर ओळी धावत होत्या,
मी वाळवलेलं मटण चघळत बसले.

आमच्यात एक अक्षर आहे,
लिहायचं, पण उच्चारायचं नाही.
पाहुणे विचारतात, मग ठेवलंय कशाला?
हानुस आम्हाला शुद्धलेखन शिकवायचा,
तेव्हा त्याला दिसायचं. म्हणायचा,
“ऐकू येत नाही, म्हणून तर लिहायचं.”

पहाटे चारला पुडकं तयार.
आवृत्तीच्या आकड्याला शेपूट जोडावं लागतं,
बांधणाऱ्याचा हात ओळखू यावा म्हणून.
जोडलं : सुनव्होर-१.
वर कुलूपही घातलं, नाहीतर पुढचं अपडेट
सुधारणा म्हणून येणार
आणि हे पुन्हा काढून नेणार.

सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात
बोटं पट्टीवरून सरकली,
एके ठिकाणी थांबली, मागे गेली, परत आली.
“आलं,” तो म्हणाला, “ते मुकं.”
कॉफी निवत होती. तो वाचतच राहिला.

मग कपाळाला आठी.
“हा चाचणीचा मजकूर कुणी लिहिला?”
“मीच, रात्री, घाईत.”
“तिसऱ्या ओळीत ‘हवामान’ आहे.
त्यातलं तू गाळलंस.”