कल

गाडी वळणावर कलू नये म्हणून
तिच्या पोटाखालून नळ्या गेलेल्या असतात,
पुढच्या चाकांपासून मागच्यांपर्यंत, तेलाने भरलेल्या.
वळण आलं की इंजिनाशेजारचा पंप कण्हतो,
तेल धावतं, दांड्यांना पीळ देतं
आणि अडीच टनांची डिस्कव्हरी चालत राहते ताठ,
काठोकाठ भरलेला चहा घेऊन निघालेल्या माणसासारखी.

निदान कागदावर.

आमच्या बेटावर लोखंडाला म्हातारपण लवकर येतं.
वारा समुद्रावरून मीठ आणतो,
कमी पडलं तर हिवाळ्यात कौन्सिलची गाडी रस्त्यावर टाकते.
ऑयरिकच्या गाडीच्या नळ्या मी तीनदा बदलल्या.
एकदा डावीकडची, एकदा चेसिसच्या वरून जाणारी ती अवघड,
जिच्यापाशी पोचायला हात कोपरातून काढून ठेवावा लागतो,
आणि एकदा ज्यांना वाटलं होतं काही होणार नाही, त्या.
चौथ्यांदा गाडी आली तेव्हा
डॅशबोर्डवर नारिंगी दिवा
आणि अंगणापासून गॅरेजपर्यंत हिरवट थेंबांची रांग.

मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड झालाय.
ती म्हणाली, काढून टाक मग.
सगळंच?
सगळंच. साधी दांडी बसव.
घासाघीस नाही, उद्या सांगते नाही.
माणसं एवढ्या पटकन हो म्हणतात
तेव्हा मला वाटतं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

दोन दिवस लागले.
बोल्ट सुटत नव्हते, तुटत होते.
ज्योत, हातोडा, शिव्या, पुन्हा ज्योत.
नळ्या निघाल्या त्या तुकड्यातुकड्यांनी,
हातात भुगा होणाऱ्या, पावाच्या कडेसारख्या.
पंप काढला, पट्टा आखूड घातला,
स्टॉर्नोवेच्या भंगारातून आणलेल्या दांड्या बसवल्या
आणि दिव्याच्या मागचा बल्ब काढून खिशात टाकला.
(तो अजून खिशात आहे. धुण्यात दोनदा गेलाय.)

चाचणीला ती म्हणाली, टॉर्मडलाही घेऊ.
टॉर्मड. एकतीस वर्षं या रस्त्यावर टपाल वाटलं त्याने.
गेली चार वर्षं डोळ्यांपुढे फक्त
राखाडी, आणि राखाडीच्या कडेला थोडा उजेड.
तो पुढे बसला, मी मागे, मेंढ्यांच्या औषधाच्या खोक्याशेजारी.

सांगितलं होतं मी, आता डुलेल, सांभाळून घे.
ऑयरिकने सांभाळून घेतलं नाही.
पहिल्याच वळणावर गाडी उजवीकडे झुकली,
खोकं माझ्या गुडघ्यावर आलं,
आणि टॉर्मड म्हणाला,
मॅकऑलेंचं फाटक.

कोणी काही बोललं नाही.
गाडी डावीकडे कलली, लांबवर, हळू.
तळ्याची बाजू, तो म्हणाला.
पाणी खाली गेलंय का गं?
गेलंय, ती म्हणाली.
मग गुरांच्या जाळीवर चाकं खडखडली,
ती त्याने मोजली नाही, ती त्याला आधीही कळायची.
पण पुढचा उतार, जिथे रस्ता आधी उजवीकडे
आणि लगेच मन बदलल्यासारखा डावीकडे वळतो,
तिथे त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले,
खांदा आधी काचेला, मग तिच्या खांद्याला लागला,
आणि तो हसला:
इथे माझी सायकल चिखलात गेली होती. अठ्ठ्याहत्तर साली.
पेन्शनचे लिफाफे वाळवत बसलो होतो फ्लोराच्या चुलीपुढे.

मी बिल लिहिताना मजुरीचा आकडा दोनदा चुकवला.
ऑयरिक दारात उभी होती, हातमोजे घालत.
चार वर्षं, ती म्हणाली,
तो माझ्या शेजारी सपाट बसायचा.
कुठे आलो विचारायचा. मी सांगायचे.
मग विचारायचं बंद केलं.

तुझ्या त्या नळ्या फार चांगल्या होत्या, मुली.
त्यांचं काही चुकलं नाही.

बाहेर गाडी सुरू होती, पंपाचं कण्हणं नसलेली.
फाटकातून वळताना
ती एका बाजूला झुकली,
आणि आतली दोन डोकीही
तिकडेच.