मालाचा प्रकार

अर्जात एक रकाना होता: मालाचा प्रकार.
मी लिहिलं, घर.
खिडकीतल्या बिराजदारांनी चष्मा कपाळावर सरकवला,
‘घर माल नसतंय वो. यंत्रसामग्री लिवा.’

लिहिलं.
लांबी चाळीस फूट, रुंदी बारा,
उंची ट्रेलरसकट पंधरा फूट चार इंच.
चिंचोळी एमआयडीसीतून वळसंगपर्यंत
तासाभराचा रस्ता,
त्याच्या कागदाला सव्वीस दिवस.

महावितरणवाले म्हणाले, तारा उचलू, आधी पावती फाडा.
बांधकाम खात्याने पुलाची उंची
रेल्वेला विचारा म्हटलं,
रेल्वेने बांधकाम खात्याला.
शेवटी नागनाथ चिट्यालच पहाटे
बांबूला टेप बांधून पुलाखाली उभा राहिला.
दोन इंच कमी पडत होते.
‘चाकांची हवा सोडू,’ म्हणाला,
जणू रोज कुणाचं तरी घर असंच काढतो.

परवाना आला: रात्री अकरा ते चार,
ताशी पंधरा, पुढे-मागे लाल झेंडी.
सुवर्णाने तोवर
कारखान्यातल्या नापास टॉवेलांचे पडदे शिवले,
आणि मला न सांगता लावलेसुद्धा.

दीड वाजता नाक्यावर हवालदाराने बॅटरी मारली.
‘आत कोण हाय?’
कोणी नाही.
‘मग पडदे कशाला?’

मला काही सुचेना.
तो एक फेरी मारून आला,
दाराची कडी हलवून पाहिली,
वहीत सावकाश काहीतरी लिहिलं.
मी वाकून वाचलं: घर, नग एक.

पुढे पुलापाशी नागनाथ हवा सोडत होता.
इथपर्यंत ऐकू येत होतं.