लागू नसेल ते खोडा

हर्सूलच्या कारागृहातून निघालेला कागद
परभणीला एसपी ऑफिसात नऊ दिवस बसला,
जिंतूरला आमच्या ठाण्यात अकरा,
आणि माझ्या टेबलावर, खरं सांगतो, सव्वा महिना.
बंदी व्यंकटी नागोराव मोरताटे, शिक्षा जन्मठेप.
कारण : आई आजारी.
मागणी : अभिवचन रजा.

हा शब्द कुणी बसवला कुणास ठाऊक.
मी पोराला सायकलचं दिलं होतं, ते नुसतं वचन.
त्याला अभि लागला की जामीनदार लागतो,
सातबाऱ्याची नक्कल, तहसीलचा ऐपतीचा दाखला,
आणि हवालदाराचा अहवाल.
दुसरी एक रजा असते, तिचं नाव संचित.
तीही अर्ज केल्याशिवाय साचत नाही.

अहवाल मी झोपेतही लिहीन.
'सदर बंदी गावात आल्यास शांतता भंग होण्याची
शक्यता नाकारता येत नाही.'
बावीस वर्षांत हे वाक्य कुणी परत पाठवलं नाही.
गावात जायचं कामच पडत नाही.
गावाची शांतता मला इथूनच दिसते,
पंख्याखालून.

या वेळी गेलो, कारण
त्याच रस्त्याला एक समन्स बजावायचं होतं.

चतुराबाई मोरताटे, वय सांगता येत नाही,
बाजेवर, भिंतीकडं तोंड करून.
खाकी दिसताच तिनं पाय आखडून घेतले.
जबाब दिलाच नाही. एवढंच विचारलं,
'तिथं भाकर देतेत का बापा, का नुसती पोळी?
पोळीनं त्याचं पोट दुखतंय.'
मला माहीत नव्हतं.
भाकर, म्हणालो.

तिथून तीन घरं सोडून
मयत मुंजाजीची बायको, धुरपताबाई काळदाते.
आमच्या फायलीत तिचं नाव फिर्यादी.
अंगणात अंबाडी निवडत होती.
मी छापील कागद पुढं केला :
रजेस हरकत आहे / नाही.
लागू नसेल ते खोडा.

बराच वेळ ती देठं मोडत राहिली.
मग म्हणाली, घ्या लिहून.

'त्यानं मव्हं माणूस मारलं. मी इसरले नाही, इसरनार बी नाही.
म्हातारीनं मव्हे दोन बाळंतपणं केले.
ती मरायली. येऊ द्या त्याला.
पर मला त्याचं तोंड पाहायचं नाही.
तो हाय तवर मी सेलूला भावाकडं जाते.
म्हैस कुठं ठिवावी, तेवढं सरकारला इचारा.
आन् किती दिस, ते पक्कं सांगा.
त्यानं एक दिस जास्त काढला
तर भावजयीच्या चुलीपाशी म्या कितीक बसावं?'

आहे खोडावं
तर नाही उरतं.
नाही खोडावं
तर म्हातारी.
कागद गुडघ्यावर धरून मी
धुरपताबाईच्या अंगणात
शाळेतल्या पोरासारखा पेन चावत बसलो.
तिनं मला पाणी दिलं. तांब्या घासलेला होता.

शेवटी दोन्ही तसंच ठेवलं
आणि ती बोलली ते सगळं खाली मार्जिनपर्यंत लिहिलं,
म्हशीसकट.
तिनं अंगठा उठवला, अंबाडीचा हिरवा डाग शाईत मिसळला.

अठराव्या दिवशी कागद परत आला.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
वर लाल शेरा :
'हरकतीबाबत स्पष्ट अभिप्राय नाही.
म्हशीचा संबंध काय, याचा खुलासा करावा.'

साहेब म्हणाले, नेहमीचं लिहून टाका ना राव.
दिवसपाळी संपली होती. लाइटही गेली होती.
मी कोरा कागद घेतला, दोन्हीकडं समास सोडला.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून खुलासा सादर करतो की,
सदर म्हैस दुभती आहे.
दिवसातून दोन वेळा धार काढावी लागते.
फिर्यादी गावात नसल्यास हे काम कुणाकडं द्यावं,
याची तरतूद नियमांत आढळून आली नाही.
पोलीस पाटलांकडं समक्ष चौकशी केली असता असंही समजतं की,
सदर म्हैस अनोळखी हाताला
पान्हा सोडत नाही.