चाळिसावं जाकीट

दिवाळ्याच्या जेट्टीवर नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
शर्यतीच्या होड्या बावीस.
बचावाच्या किती, चौलकरांनी विचारलं.
मी तीन म्हटल्यावर त्यांनी खाडीकडे पाहिलं
ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.
"गेल्या वर्षी काय झालं होतं?"
काही नाही.
"मग?"

हसुराम तांडेल मधे बोलत नाही.
त्याने चपला काढल्या, ओहोटीत उतरला,
पाच पावलं घोट्याइतकी,
सहाव्याला मांडीपर्यंत गेला.
"इकरं पवनारा नको," म्हणाला, "फली पायजे."

मी लिहिलं: फळ्या सहा. दोर.
रुग्णवाहिकेचं तोंड रस्त्याकडे,
तिच्यापुढे कुल्फीची गाडी लागणार नाही.
अकरा चाळीसनंतर एकही होडी पाण्यात नको,
पाहुण्यांचं भाषण लांबलं तरी.

भाषण लांबलं.
शेवटची फेरी मी रद्द केली.
काठावरून शिट्ट्या आल्या,
माझ्या गळ्यातलीपेक्षा कितीतरी मोठ्या.
पाऊण वाजता त्याच फेरीच्या वाटेवर
बगळे चालत होते.

मग जाकिटं मोजली. एकोणचाळीस.
पुन्हा मोजली.
हसुराम काही न विचारता
फळी उचलून चिखलाकडे निघालेला.

चाळिसावं सापडलं जेट्टीच्या टोकाला,
जाळ्यांच्या ढिगावर झोपलेलं,
आत त्याचीच नात, चार वर्षांची,
तिन्ही बकलं नीट लावलेली.
चौलकर पावती घेऊन उभे होते.
मी चाळिसाची खूण केली नाही.
ती उठेपर्यंत थांबले.